राऊतबाईंची मापं

राऊतबाईंनी माझी पहिली चौकशी केली ती माझ्या जेवणाच्या डब्याची. नाव, गाव, नवरा काय करतो, हे सगळं नंतर. मी साताऱ्याहून लग्न होऊन विरारला आले होते आणि पूर्वेकडच्या एका मराठी शाळेत मला मराठी शिकवायची नोकरी लागली होती. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एका कोपऱ्यात बसून मी गुपचूप डबा उघडला, तेवढ्यात समोरून एक हात आला. त्या हाताने डब्याचं झाकण उचललं, उलटं केलं, त्यावर शिंप्याकडे असते तशी पिवळी टेप आडवी धरली, मग डब्याशेजारी उभी धरली.

"पाऊण लिटर," त्या म्हणाल्या. "त्यात दोन पोळ्या आणि एवढीशी भाजी. अर्ध्याहून जास्त डबा हवाच वाहून आणतेस तू. लहान डबा घे."

मी घाबरून "हो" म्हटलं. त्यांनी टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि आपल्या पिशवीतून दोन वेलची केळी काढून माझ्या डब्यातल्या रिकाम्या जागेत ठेवली. "तोवर हे भर."

कुमुद राऊत. वय तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर. गिरीजला त्यांच्या घरची वाडी होती, केळी, नारळ, थोडा भाजीपाला. वाडी भाऊ बघायचा. बाईंनी लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, "माप जमलं नाही." हे विनोदाने म्हणायच्या की खरंच, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. रोज सकाळी गिरीजहून निघून त्या विरारला यायच्या, खांद्यावर कापडी पिशवी, आणि पिशवीत काय असेल ते त्या दिवशीच्या धड्यावर अवलंबून. नववी-दहावीला त्या गणित शिकवायच्या. त्यातही घनफळ आणि पृष्ठफळ हा त्यांचा जीव की प्राण. बीजगणित त्या कर्तव्य म्हणून शिकवायच्या, भूमिती आवडीने, आणि वृत्तचिती, शंकू, गोल आले की बाई सकाळपासूनच पदर खोचून तयार असायच्या.

त्या दिवशी पिशवीत दुधी असे. सरळ, लांब, दोन्ही टोकं कापलेला दुधी टेबलावर आडवा ठेवून बाई विचारायच्या, "ही कोण?"

"वृत्तचिती!" वर्ग ओरडायचा.

"हिची साल काढली तर काय मिळेल?"

"वक्रपृष्ठफळ!"

"आणि आत काय उरलं?"

"घनफळ!"

"भाजी उरली रे, भाजी. घनफळ म्हणजे भाजी. उदाहरण वाचलं की पहिला प्रश्न मनाला विचारायचा: साल की गर? रंग द्यायचाय, साल. पाणी भरायचंय, गर. तंबूचं कापड?"

"साल!"

"विहीर खणून निघालेली माती?"

"गर!"

शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असायचे. भिंत पातळ होती. माझ्या हळव्या ओळींच्या मधोमध "गर!" असा साठ मुलांचा आवाज घुमायचा आणि माझा वर्ग खुदखुदायचा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. आयुष्यभर वर्तुळं शिकवणाऱ्या या बाईंना फळ्यावर वर्तुळ काढता येत नसे. कंपास वापरायचा कंटाळा, आणि हाताने काढलेलं वर्तुळ हमखास वांग्यासारखं व्हायचं. मुलं हसली की बाई वळून बघायच्या. "चित्र चुकलंय. सूत्र बरोबर आहे. तुम्ही सूत्र उतरवा, वांगं नको." मुलं वांगंही उतरवायची.

माझ्याशी त्यांचं जमलं ते एका भांडणातून. सहामाहीचे पेपर तपासताना एकदा त्या पेपरांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि त्यांनी तो माझ्यासमोर आपटला.

"माने, ही तुझी चूक आहे."

"माझी?"

"वाच. 'वरून उघड्या पत्र्याच्या डब्यास किती पत्रा लागेल?' चाळीस मुलांनी झाकणाचा पत्रा पण धरलाय. 'वरून उघड्या' याचा अर्थ कोणी शिकवायचा? मी? मुलांचं गणित चुकत नाही गं, मराठी चुकतं."

मी म्हटलं, "मग तुमच्या वर्गावर येऊन मी शिकवू का?"

मला वाटलं होतं चिडतील. त्या लगेच म्हणाल्या, "सोमवारी तिसरा तास. पोकळ, भरीव, बंदिस्त, उघडा, जाडी, खोली, एवढे शब्द घे. कविता आणू नकोस." गेलेही मी. त्यानंतर दरवर्षी जात राहिले. गणिताच्या वर्गात मराठी शिकवणारी त्या भागातली मी एकटीच असेन.

मी तेव्हा मनवेलपाड्याला राहत होते. चार मजली इमारत, नळाचं पाणी नावापुरतं. उन्हाळ्यात सगळा कारभार टँकरवर. टँकर यायचा, जमिनीखालच्या टाकीत पाणी सोडायचा, पंप लागायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर पाणी पोचायच्या आत टाकी संपायची. आम्ही चौथ्यावर. मे महिन्यातल्या एका रविवारी राऊतबाई माझ्याकडे जेवायला आल्या. हात धुवायला मी त्यांना तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "टँकर केवढा येतो?"

"दहा हजार लिटरचा."

"घरं किती?"

"सोळा."

बाईंनी हिशोब करायला डोळे मिटले. मग उघडले. "मग तुला तांब्याने पाणी का द्यावं लागतंय?"

त्याच दुपारी टँकर आला. बाई आमच्याबरोबर खाली उतरल्या. टेप काढून त्या टँकरला प्रदक्षिणा घालायला लागल्या. ड्रायव्हर उत्तरेकडचा, मोठ्या मिशांचा. तो सुरुवातीला नुसताच बघत राहिला. बाईंनी टँकरचा मागचा भाग आडवा मोजला, उभा मोजला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही वृत्तचिती नाहीये," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "दाबलेली आहे."

खरंच, टँकर लंबगोल होता. पाठ्यपुस्तकात लंबगोल नव्हता. बाईंना तो व्यक्तिगत अपमान वाटला. क्षणभर त्या टँकरकडे अशा बघत राहिल्या, जणू एखाद्या हुशार मुलाने मुद्दाम चूक केली आहे. मग एकदम टेप गुंडाळली. "टँकरला विचारायचंच कशाला? टाकीला विचारू."

टाकी इष्टिकाचितीच्या आकाराची, म्हणजे विटेसारखी चौकोनी होती. आतून पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. बाईंनी एक बांबू मागवला, टाकीत उभा सोडला, पाण्याची रेघ खडूने मारली. टँकर रिकामा झाल्यावर दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघांतलं अंतर अडतीस सेंटिमीटर.

"पन्नास पाहिजे होतं," बाईंनी जाहीर केलं. "साडेसात हजार, फार तर सात हजार सहाशे लिटर. अडीच हजार कुठे आहे?"

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, टँकर दस हज़ार का है. लिखा है ना बाजू में."

बाईंचं हिंदी फार वाईट होतं, पण त्या दिवशी त्यांना कसं कोण जाणे सुचलं. "लिखा है तो टँकर पे लिखा है. पानी पे नहीं लिखा है."

इमारतीतली सगळी माणसं खाली जमली होती. ती हसली, आणि सगळ्यात मोठ्याने तो ड्रायव्हर हसला. मग त्याने हळूच सांगितलं की भरायच्या ठिकाणीच रांग मोठी असते, मालक म्हणतो निघ लवकर, तोंडापर्यंत भरायला थांबू देत नाही. बाईंनी त्याला शांतपणे बांबूवर एक तिसरी रेघ मारून दाखवली. "ये यहां तक पानी आना. नहीं आया तो मैं आएगी."

पुढच्या टँकरपासून पाणी त्या रेघेपर्यंत यायला लागलं. आमच्या चौथ्या मजल्यावर बादल्या भरू लागल्या. इमारतीच्या सेक्रेटरींनी तो बांबू जपून ठेवला. आजूबाजूच्या चार इमारतींनी तसे बांबू करून घेतले. आणि राऊतबाईंचा लौकिक झाला. शाळेत हेडमास्तरसुद्धा फळीची लांबी त्यांना विचारू लागले. बाई कधी नव्हे त्या जरा छाती काढून चालू लागल्या. मला त्याच वेळी भीती वाटायला हवी होती.

डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन. मुलं हजाराच्या आसपास. जेवणाला मसालेभात. मंडपवाल्याने आदल्या दिवशी चार मोठे टोप आणून टाकले. बाई तिथून जात होत्या. थांबल्या. टेप निघाली. एका टोपाचं तोंड मोजलं, खोली मोजली, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि हेडमास्तरांना म्हणाल्या, "सर, एकच टोप पुरे. यात पावणेतीनशे लिटर भात मावतो. एका मुलाला पाव लिटर धरला तरी हजार जेवून उरेल. तीन टोप परत पाठवा, उगाच गर्दी."

आमचा शिपाई हरीभाऊ मिठागराच्या बाजूच्या गावचा. गावच्या लग्नांत स्वयंपाक करून हात बसलेला. तो टोपाकडे बघून म्हणाला, "बाय, या एका टोपात हजार पोरं नाय जेवनार."

"हरीभाऊ, हे बघा." बाईंनी पाटी त्याच्यासमोर धरली. पाय आर वर्ग एच. हरीभाऊने पाटी बघितली, मग बाईंकडे बघितलं, मग पुन्हा टोपाकडे. "बरं," तो म्हणाला. पाटीपुढे कोण काय बोलणार? टँकरवाल्याला गप्प केलेली बाई ती. तीन टोप परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाताला वास सुटला. पाचवीची मुलं बसली. सहावीची पहिली तुकडी बसली. सहावीच्या दुसऱ्या तुकडीच्या निम्म्या पानांवर भात पडला आणि हरीभाऊच्या डावाचा टोपाच्या तळाशी खणखण आवाज झाला. त्याने तो आवाज मुद्दाम दोनदा केला असं माझं मत आहे.

मुलं जेवली होती पावणेतीनशे. बाहेर सातशेच्या वर मुलं ताटल्या घेऊन उभी. तांदूळ होता, भाजी होती, पण टोप एकच. मंडपवाल्याकडचे टोप एका लग्नाला गेलेले. म्हणजे त्याच टोपात आणखी तीन वेळा भात शिजवायचा. हेडमास्तरांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. कोणीतरी नाक्यावरच्या बेकरीत पाव आणायला पळालं. मुलं ताटल्या वाजवायला लागली.

राऊतबाई टोपाशी उभ्या होत्या. हातात कालचीच पाटी. त्या ती पुन्हा पुन्हा वाचत होत्या आणि त्यांना चूक सापडत नव्हती. मी जवळ गेले. "माने, सूत्र बरोबर आहे गं," त्या म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा.

मग त्यांनी जे केलं ते मी तरी केलं नसतं. त्या सरळ रंगमंचावर गेल्या. नाटकाच्या पडद्यासमोर फळा ओढून आणायला लावला. माईक हातात घेतला. "मुलांनो, तुम्ही उपाशी आहात. कारण माझं गणित चुकलंय. कुठे चुकलं ते मला सापडत नाहीये. टोपाचं तोंड पन्नास सेंटिमीटर. खोली पस्तीस. मी असं केलं." आणि सगळं फळ्यावर मांडलं, वांग्यासकट. "शोधा."

ताटल्यांचा आवाज थांबला. सातशे मुलं फळ्याकडे बघत होती. नववीतल्या हुशार मुलांनी पाढे तपासले, गुणाकार तपासला, दशांश चिन्ह तपासलं. सगळं बरोबर. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. सुरेखा पांचाळ. नववीत होती आणि गणितात सलग दोनदा नापास झाली होती.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही टोप दुमडला नाही."

सगळी हसली. बाई हसल्या नाहीत. "म्हणजे?"

"म्हणजे... आमचे बाबा पत्र्याचं काम करतात. तोंड मोजलं की दोरी मधोमध दुमडतात. तुम्ही पन्नास तसेच घेतले. पंचवीस घ्यायला पाहिजे."

व्यास. बाईंनी व्यासालाच त्रिज्या धरली होती. ज्या चुकीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना उभं केलं, ती. पन्नासऐवजी पंचवीसचा वर्ग, म्हणजे बरोबर चौपट फरक. पावणेतीनशे लिटरचे झाले एकोणसत्तर. बाईंनी लाल खडू मागितला आणि स्वतःच्या उत्तरावर फळाभर मोठी फुली मारली. मग माईकमध्ये म्हणाल्या, "शून्य. सुरेखा, पुढे ये." आणि तो लाल खडू तिच्या हातात दिला.

मुलं संध्याकाळपर्यंत जेवत राहिली. नाटकं जेवणाच्या मध्ये मध्ये झाली. पावाबरोबर मसालेभात हा प्रकार आमच्या शाळेने त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. हरीभाऊ पुढे कितीतरी दिवस बाईंसमोरून जाताना "पाय आर वर्ग एच" असं पुटपुटत जायचा. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

पुढच्याच आठवड्यात बाई मला म्हणाल्या, "त्या मुलीच्या वडिलांकडे जाऊ या." त्यांचं दुकान आमच्या घराजवळच, चाळीच्या तोंडाशी. पत्र्याच्या कोठ्या, बादल्या, नरसाळी, पेट्या. पांचाळ मूळचे कोकणातले, सडपातळ, कमी बोलणारे. शाळेच्या दोन बाई आल्या म्हटल्यावर ते हातोडी खाली ठेवून उभे राहिले. मुलीने काही केलं का, हाच त्यांचा पहिला प्रश्न.

"तुम्ही डबा कसा करता ते दाखवा," बाई म्हणाल्या.

पांचाळांनी पत्र्याची चकती कापली. सात इंचाची. मग एक पट्टी मोजली. "सात इंचाचा तळ असला की बावीस इंचाची पट्टी."

बाईंनी माझा दंड धरला. "बावीस सप्तमांश!" त्या जवळजवळ ओरडल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्या चुलत्यांनी. त्यांना त्यांच्या बापाने." पांचाळ पट्टी कापत राहिले. "वर अर्धा इंच जोडाला."

"जोडाला?"

"दुमडायला नको? नाहीतर पट्टीचं टोक टोकाला कसं धरणार?"

बाईंनी पर्समधून पाठ्यपुस्तक काढलं आणि त्यांना एक उदाहरण वाचून दाखवलं, पुस्तकातलं उत्तरही सांगितलं. पांचाळांनी डोकं हलवलं. "एवढ्या पत्र्यात डबा होईल बाई, पण गळेल. पुस्तकवाल्याने जोडाला पत्रा कुठे धरलाय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक पृष्ठफळाच्या उदाहरणाखाली मुलांनी एक ओळ लिहायची: 'जोडासाठी वेगळा पत्रा.' मुलं ती इतक्या निष्ठेने लिहू लागली की सराव परीक्षेचे पेपर तपासायला दुसऱ्या शाळेतून आलेल्या एका मास्तरांनी लेखी तक्रार केली. बाईंनी तक्रारीचं उत्तर दिलं. उत्तरात पांचाळांचा पत्ता होता.

पण त्या भेटीत दुसरी गोष्ट कळली. सुरेखाची आई आजारी असायची आणि नववीनंतर तिला शाळेतून काढायचं घरात ठरलं होतं. तशीही ती गणितात नापास होते, मग कशाला. पांचाळ हे सांगताना खाली बघत होते.

"पांचाळ," बाई म्हणाल्या, "हजार जणांत माझी चूक कोणाला दिसली?"

पांचाळांनी मान वर केली.

"तिला गणित येतं. तुमच्यासारखं येतं. मला ते तिच्याकडून कागदावर आणायचंय. एक वर्ष द्या."

"घरचं कोण बघेल बाई?"

"शाळा सुटल्यावर ती घरी येईल. शनिवारी अर्धा दिवस शाळा. नंतर ती मला इथेच, दुकानात भेटेल. तुमच्या डोळ्यांसमोर."

एक वर्ष मिळालं. दर शनिवारी दुपारी बाई त्या दुकानात लाकडी खोक्यावर बसायच्या. सुरेखा भंगारातल्या पत्र्यावर खडूने उदाहरणं सोडवायची. मधेच घरी जाऊन आईला औषध देऊन यायची. नरसाळं म्हणजे शंकू, बादली म्हणजे टोक कापलेला शंकू, कोठी म्हणजे वृत्तचिती आणि तिचं टोपण म्हणजे पुन्हा शंकू. पांचाळ हातोडी चालवता चालवता ऐकायचे आणि कधी कधी म्हणायचे, "नाही बाई, बादलीला एवढा पत्रा लागत नाही." मग बाई आणि पांचाळ भांडायचे, आणि सुरेखा दोरीने मोजून कोण बरोबर ते सांगायची. मी एकदा डोकावले तेव्हा तिघंही एका बादलीवर वाकलेले होते आणि गिऱ्हाईक बाहेर खोळंबलेलं होतं.

दहावीला सुरेखा बोर्डात वगैरे आली नाही. इंग्रजीत काठावर सुटली. गणितात मात्र शाळेतल्या पहिल्या पाचांत होती. बाईंनी पेढे वाटले नाहीत, वाडीवरून केळीचा अख्खा घड आणला आणि दुकानासमोर टांगला. येणारा-जाणारा प्रत्येक जण केळ तोडून घेत होता आणि पांचाळ सगळ्यांना कारण सांगत होते. एवढं बोलताना त्यांना मी आधी पाहिलं नव्हतं. पुढे सुरेखाने नकाशे काढायचा आयटीआयचा कोर्स केला आणि नालासोपाऱ्यात एका कारखान्यात लागली. पाण्याच्या टाक्यांची चित्रं काढायची ती. बाईंना पहिलं चित्र दाखवायला आली तेव्हा बाईंनी बराच वेळ ते तपासलं आणि विचारलं, "जोड कुठे दाखवलाय?" सुरेखाने बोट ठेवलं. बाईंनी कागद परत दिला.

नवं शतक लागल्यावर थोड्याच वर्षांत बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं नाही, म्हणाल्या, मला अंदाज येतो, भाषण पाऊण तासाचं होईल आणि तुम्हाला भूक लागलीय. मग भेटी कमी झाल्या. मी वर्षातून एकदोनदा गिरीजला जायचे. त्या वाडीत बसलेल्या असायच्या, भावाच्या नातवंडांना पाढे म्हणायला लावत. नातवंडं मला बघून खूश व्हायची, कारण मी आले की पाढे थांबायचे.

शेवटची भेट झाली तेव्हा मार्च महिना होता. मी कळवून गेले नव्हते. वाडीच्या वाटेवर मातीचा डंपर उभा होता आणि बाई अंगणापलीकडे खुर्ची टाकून बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, काठीवर दोन्ही हात. त्यांच्या समोर विहीर होती, आजोबांनी खणलेली. तिचं पाणी काही वर्षांपासून मचूळ झालं होतं, झाडांनाही चालत नव्हतं. घरात नळ आला होता. आणि पुतण्याची लहान मुलगी नुकती चालायला लागली होती, दोनदा विहिरीच्या काठापर्यंत पोचली होती.

"बुजवतायत?" मी विचारलं.

"मीच हो म्हटलं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी माझ्यावर सोडलं होतं."

मी शेजारी बसले. माती टाकणारा कंत्राटदार तरुण होता, कानाला मोबाइल. त्याने भावाला सांगितलं होतं, सहा गाड्यांत काम होईल. बाईंनी त्याला बोलावलं.

"आठ लागतील."

"सहा बस झाल्या आजी. मी रोज करतो हे काम."

"चार मीटरचा घेर... नाही, थांब." त्या थांबल्या. चूक होऊ नये म्हणून शब्द निवडत होत्या. "चार मीटर व्यास. म्हणजे दोन मीटर त्रिज्या. सात मीटर खोल. अठ्ठ्याऐंशी घनमीटर होतात. तुझी गाडी चार ब्रासची, म्हणजे साधारण अकरा घनमीटर. आठ गाड्या."

कंत्राटदार माझ्याकडे बघून हसला.

दुपारभर गाड्या येत राहिल्या. प्रत्येक गाडी उलटताना विहिरीतून धप्प असा आवाज यायचा. पहिल्या गाडीला तो फार खोलवरून आला. पाणी वर उसळल्याचाही आवाज आला. बाईंनी मान खाली घातली. दुसऱ्या गाडीला त्या म्हणाल्या, "आजोबा स्वतः उतरले होते खणायला. आजी वरून टोपली ओढायची. खणून निघालेल्या मातीवर ती आंब्याची रांग लावली." बोटाने दाखवलं. आंबे अजून उभे होते.

सहावी गाडी रिकामी झाली. विहीर अजून तीन हात रिकामी होती, त्याहून जास्तच. कंत्राटदाराने आत डोकावून बघितलं, कोणाला तरी फोन केला. सातवी आली. मग आठवी. आठव्या गाडीची माती काठाच्या दगडाला येऊन लागली आणि मजुरांनी फावड्याने ती सारखी केली.

कंत्राटदार बाईंसमोर आला. आता तो हसत नव्हता. "आजी, तुमचं बरोबर आलं."

"येणारच," बाई म्हणाल्या. "विहीर तीच होती."

पुतण्याने चहा आणला. मजुरांनी घेतला, आम्ही घेतला. बाईंनी कप हातात धरला, पण त्या चहा प्यायल्याच नाहीत. थोड्या वेळाने माझी एसटीची वेळ झाली. मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथेच राहिला. "सावकाश जा," एवढंच म्हणाल्या.

वाडीच्या फाटकापाशी मी वळून पाहिलं. मजूर निघून गेले होते, रिकामा डंपर वळत होता. बाई खुर्चीतून उठल्या होत्या. विहिरीच्या काठापाशी येऊन त्यांनी पायातल्या चपला काढल्या, बाजूला नीट जोडीने ठेवल्या, आणि काठी टेकत त्या ओल्या मातीवर पाऊल ठेवलं.